खुराड्याला लाकूड कुठलं? आधी पाणी कुठून येतं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पन्हाळ्याच्या पायथ्याला, वाघबीळच्या अलीकडं घर. वीसेक गावठी कोंबड्या. सागवानाचा भाव ऐकून परत फिरलात. एमआयडीसीतले पॅकिंगचे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, जवळजवळ फुकट मिळतायत. शेजारचे काका म्हणतात, कुठलंही लाकूड घ्या आणि वरून जळकं ऑइल मारा, दहा वर्षं बघायला नको. शिवाय आजोळचा एक जुना रंगवलेला दरवाजा पडून आहे, तो वापरता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. आणि या सगळ्यामागं खरी काळजी अशी की लाकडाला लावलेलं काहीबाही पोरांच्या ताटातल्या अंड्यात उतरायला नको.

मी सुतार आहे. दारं-खिडक्या करतोच, पण गेली बरीच वर्षं करवीर, पन्हाळा, राधानगरी या भागात गोठ्याचं लाकूडकाम, शेळ्यांचे माचे आणि खुराडी हीच कामं जास्त येतात. त्या अनुभवावरून सांगतो. "कुठलं लाकूड?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण तो तिसरा आहे. पहिला प्रश्न, त्या लाकडाला पाणी कुठून लागणार? दुसरा, कोंबडीची चोच आणि पाय तिथपर्यंत पोचतात का? या दोन्हींची उत्तरं खुराड्याच्या प्रत्येक भागाला वेगळी येतात. म्हणून सगळं खुराडं एकाच लाकडाचं करायचा हट्ट धरला की एकतर पैसे वाया जातात, नाहीतर खुराडं.

थोडं तुमच्या जागेवरही अवलंबून आहे. आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत एक नाहीच. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पडतो आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. शिरोळकडच्या माणसानं बाभळीचं साधं खुराडं केलं आणि ते छान टिकलं, म्हणून तेच पन्हाळ्याच्या कुशीत टिकेल असं नाही. तुमच्याकडं नुसता पाऊस नाही, झड आहे. वारं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतं आणि पाणी आडवं मारतं. जून ते सप्टेंबर लाकूड वाळायला उसंतच मिळत नाही. तुमचं घर चढाला आहे म्हणून पुराचा विषय सोडतो. पण हे कुणी चिखली-आंबेवाडीकडचं वाचत असेल तर २०१९ आणि २०२१ चं पाणी आठवून खुराडं उचलून नेता येईल असंच करा. तिथं लाकडाची चर्चा पुढची.

आता लाकूड कुजतं कसं, ते आधी. लाकूड पाण्यानं कुजत नाही, बुरशीनं कुजतं. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, आणि जोडीला हवा. भिजलं आणि दोन दिवसांत वाळलं, तर साधं लाकूडही वर्षानुवर्षं टिकतं. भिजलं आणि भिजलेलंच राहिलं, तर चांगलं लाकूडही जातं. पुरलेला खांब उपटून बघा कधी. वरचा भाग ठणठणीत असतो, अगदी खालचं टोकही बरं असतं, आणि मातीच्या पातळीला वीतभर वर-खाली स्क्रू-ड्रायव्हर दाबला की आत जातो. तिथं ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. वाळवीही तिथूनच चढते.

म्हणून माझा पहिला नियम: खुराड्याचं लाकूड मातीत पुरायचं नाही. कुठलंच नाही, सागवानसुद्धा नाही. पाय घडीव काळ्या दगडावर नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करायचे, ठोकळा जमिनीच्या वर निदान वीतभर. ठोकळा ओतताना त्यात लोखंडी पट्टी उभी करा आणि पाय त्या पट्टीला बोल्टनं धरा, म्हणजे वाऱ्यानं हलणार नाही. पाय आणि ठोकळा यांच्यामध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा चौकोन घाला, चारी बाजूंनी दोन बोटं बाहेर येणारा आणि कडा खाली वाकवलेला. वाळवी त्या पत्र्याला वळसा घालून चढू शकते, पण मग तिची मातीची नळी उघड्यावर येते आणि तुम्हाला दिसते. दिसली की झाडूनं पुसून टाका. एवढ्या साध्या गोष्टीनं औषधाचा खर्च वाचतो, आणि औषधाचा धोकाही. धोका म्हणायचं कारण, वाळवीसाठी जमिनीत क्लोरपायरिफॉस ओततात आणि कोंबडीला वाळवी फार आवडते. मरायला टेकलेली वाळवी कोंबडी टिपून खाणार. घराच्या पायाला काय करायचं ते करा, खुराड्याखाली ते ओतू नका.

दुसरा नियम वळचणीचा. छप्पर चारी बाजूंना दीड-दोन फूट बाहेर काढा, पश्चिमेला अजून थोडं जास्त. कौल घाला नाहीतर पत्रा, पण पागोळ्या भिंतीच्या फळ्यांवर पडता कामा नयेत आणि खाली पडून उडालेलं पाणीही पायाला लागता कामा नये. उडणारं पाणी फूटभर वर येतं, ते कुणी धरत नाही. पागोळ्यांच्या रेषेत खडी टाका. पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू फळ्यांनी बंद, पूर्वेला आणि उत्तरेला जाळी, आणि आढ्याजवळ दोन्ही बाजूंना हवेसाठी फटी. ही फट महत्त्वाची, कारण खुराड्यात पाणी वरून येतं त्यापेक्षा आतूनच जास्त येतं. वीस कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, विष्ठा टाकतात, तिचा अमोनिया आणि वाफ वर चढते. पावसाळ्यात ताडपत्रीनं चारी बाजू घट्ट गुंडाळलेली खुराडी मी आतून कुजलेली पाहिलीत, बाहेरून कोरडी ठाक. कोंबड्यांना सर्दी होते ती पावसानं नाही, या कोंडलेल्या ओलीनं.

एवढं केलंत तर लाकडाच्या निवडीत तुम्हाला बरीच मोकळीक मिळते. आता जाती बघू.

सागवान चांगलंच, पण "सागवान" एवढ्या नावावर पैसे देऊ नका. टिकतो तो सागाचा गाभा. सालीलगतचं फिकट, पांढरं लाकूड सागाचं असलं तरी त्याला वाळवीही लागते आणि भुंगेराही. आज बाजारात येणारं बरंचसं सागवान, परदेशी असो की आपल्या शेताच्या बांधावरचं, कमी वयाच्या झाडाचं असतं. फळीच्या तोंडाकडं बघा: मधे सोनेरी-तपकिरी आणि कडेला पिवळसर पांढरा पट्टा दिसतो. तो पट्टा अर्ध्या फळीवर असेल तर तुम्ही सागवानाच्या भावात साधं लाकूड घेताय. त्यापेक्षा जुन्या वाड्याचे, घरांचे उतरवलेले वासे आणि तुळया घ्या. जुन्या लाकडाची दुकानं कोल्हापुरात आहेत. चार पायांना आणि खालच्या चौकटीला एवढंच जुनं सागवान नाहीतर जुनं किंजळ, ऐन मिळालं तरी पुरे. घेताना खिळे काढून घ्या, रंग लावलेला तुकडा शक्यतो टाळा, आणि टोकाला पटाशी मारून बघा. खणखणीत आवाज आला पाहिजे. भद असा आला तर आत पोकळ झालंय.

किंजळ आपल्या घाटमाथ्याचं लाकूड, तिकडची जुनी घरं त्यावर उभी आहेत. टिकाऊ आहे, सागापेक्षा स्वस्त पडतं, फक्त जड आणि रंध्याला चिवट. ऐनही ताकदीचं, पण वाळताना चिरा पडतात. त्यामुळं ऐन वाळलेलंच घ्या. जांभूळ पाण्याला चांगलं, ओलीत राहून टिकणारं. फणसाची फळी मिळाली तर सोडू नका. वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, रंध्याखाली छान निघते आणि कोंबडीला अपायकारक त्यात काही नाही. कडुनिंब मध्यम: आतल्या कामाला चांगला, सतत भिजणाऱ्या जागी नको.

बाभळीबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्याकडं ती सहज मिळेल. बाभळीचा लाल गाभा बैलगाडीच्या चाकाला आणि अवजारांना वापरायचे, यावरून काय ते समजा. पण तिच्या पांढऱ्या भागाला भुंगेरा हमखास लागतो. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, की तो आलाच. गाडी करणारे जुने सुतार बाभळीचे ओंडके महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवायचे. पाण्यात लाकडातला पिष्टमय भाग निघून जातो आणि भुंगेऱ्याला खायला उरत नाही. तुमच्याकडं शेततळं असेल तर अजूनही हे करता येतं. नसेल तर पांढरा भाग तासून काढा.

निलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, आंबा ही स्वस्त लाकडं. निलगिरी वाळताना पिळते आणि फाटते, तिची चौकट केलीत तर दार पुढच्या वर्षी बसणार नाही. आंबा आणि सिल्व्हर ओक छपराखाली, कोरड्या जागी, आतल्या फळ्यांना चालतील. पाऊस लागणाऱ्या जागी नको. वखारीत "मलेशियन साल" म्हणून जे मिळतं, ते आपल्या मध्य प्रदेश-छत्तीसगडकडच्या सालासारखं असेलच असं धरू नका. त्या नावाखाली बरीच लाकडं खपतात, काही जड आणि चांगली, काही हलकी. हातात घेऊन वजन बघा. हलकं, फिकट गुलाबी वाटलं तर दारं-चौकटींना ठीक, उघड्यावर नको.

एक गोष्ट जातीपेक्षा मोठी आहे: लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड घेऊन आज ठोकलं की महिन्यात फटी पडतात. फटीत पाणी जातं, आणि पाण्याच्या आधी गोचीड जाते. वाळलंय की नाही हे ओळखायला एक तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, सावलीत ठेवा आणि आठवड्यानं परत करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. पावसाळ्यात हा खेळ करू नका, हवाच ओली असते.

आता पॅलेट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांतून हे येतात. बहुतेक पाइन असतं. त्यावर एक शिक्का शोधा: गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि शेजारी अक्षरं. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडावर तो असावाच लागतो. "एचटी" (HT) असेल तर लाकूड नुसतं तापवून किडे मारलेत, त्यात औषध नाही. "एमबी" (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे, ते घेऊ नका. शिक्का नसेल तर ते देशी पॅकिंग, त्याला काय लागलंय कुणी सांगू शकत नाही. पण खरं सांगू का, आपल्याकडं शिक्क्यापेक्षा मोठा प्रश्न डागांचा आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपमधून आलेल्या पॅलेटवर कूलंट, ग्रीस, रेझिन सांडलेलं असतं. काळे, तेलकट डाग किंवा औषधी वास असला तर कितीही स्वस्त असो, ठेवा तिथंच. स्वच्छ एचटी पॅलेट मिळाले तर त्यांच्या फळ्या आतल्या अंड्यांच्या पेट्यांना आणि फिरत्या दाराला वापरा. बाहेरच्या भिंतीला नको, पाइन आपल्या पावसात लवकर हार मानतं.

आणि भंगारात कधी हिरवट झाक असलेलं लाकूड दिसलं तर थांबा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं आत भरलेलं ते लाकूड असू शकतं. कूलिंग टॉवर वगैरेंना असं लाकूड वापरतात. टिकतं मात्र जबरदस्त, तोच त्याचा मोह. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते बनवणं २००३ च्या अखेरीला थांबलं, कारण त्यातलं आर्सेनिक हळूहळू खालच्या मातीत झिरपतं. कोंबडी दिवसभर तीच माती उकरते. जुने रेल्वे स्लीपरही तसेच. त्यांना क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेलं असतं, उन्हाळ्यात ते पाझरतं. बागेच्या पायरीला लोक घालतात ते त्यांचं त्यांना माहीत, कोंबडीच्या जवळ नको.

शेजारच्या काकांच्या जळक्या ऑइलबद्दल. राग मानू नका, आपल्याकडं निम्म्या गावात हेच करतात आणि वाळवी थोडे दिवस थांबतेही. पण ते लाकडात मुरत नाही, वरवर बसतं आणि दोन पावसात धुऊन खाली मातीत जातं. त्यात इंजिनच्या झिजेचे धातू असतात आणि तेल जळताना तयार झालेले घटक, ज्यातले काही कर्करोग करणारे आहेत. कोंबडी त्या दांडीवर बसणार, पंख घासणार, मग चोचीनं पिसं साफ करणार. ते सगळं पोटात. गोठ्याच्या बाहेरच्या कुंपणाला लावा हवं तर, खुराड्याला एक थेंबही नको.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा सुटते ती राखेची. आपल्याकडं लाकडाचे उरलेले तुकडे बंबात जातात आणि बंबाची राख कोंबड्यांना लोळायला टाकतात. राखेत लोळणं चांगलंच, पिसवा-उवा कमी होतात. पण औषध पाजलेलं, रंगवलेलं किंवा प्लायवुडचं लाकूड बंबात घातलं तर त्यातले धातू राखेत उरतात आणि कोंबडी त्यात रोज लोळते, टिपते. तेव्हा काम झाल्यावर तुकडे वेगळे काढा. साध्या लाकडाचे बंबात, बाकीचे नाहीत. धूरही अंगाला चांगला नाही.

प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ हे लोक "सपाट मिळतं" म्हणून घेतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात फुगतात, विषय संपला. प्लाय घ्यायचंच तर आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लाय, आणि कापलेल्या कडा रंगानं बंद करून. पण त्या पैशात जुन्या किंजळाच्या फळ्या येतात, मग कशाला? पश्चिमेची भिंत सिमेंट बोर्डाची केलीत तर मात्र माझी हरकत नाही. कुजत नाही, वाळवी लागत नाही, चुना चांगला धरतं. थर्माकोल उष्णतेसाठी लावायचा विचार असेल तर झाकून लावा, कोंबड्या तो अक्षरशः खाऊन टाकतात.

बांबू तुमच्यासाठी सगळ्यात परवडणारा. आजरा-चंदगड-भुदरगडकडून माणगा येतो, तो जवळजवळ भरीव असतो आणि ताकदीचा. उंच खुराड्याच्या जमिनीला बांबूच्या पट्ट्या बोटभर फट ठेवून घातल्या की विष्ठा खाली पडते आणि आत ओल राहत नाही. पण प्रक्रिया न केलेला बांबू मातीला टेकला तर एक-तीन वर्षांत जातो, छपराखाली कोरडा राहिला तर चार-सहा वर्षं सहज देतो. तोडायचा पावसाळ्यानंतर, कार्तिकाच्या पुढं, तेव्हा त्यातला पिष्टमय अंश कमी असतो. तीन वर्षांच्या आतला कोवळा घेऊ नका. नंतर काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवा, किंवा बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग असं पाण्यात विरघळवून त्यात बुडवा. बोरॅक्स स्वस्त आहे आणि कीटकनाशकांच्या मानानं सौम्य. मात्र ते पाण्यात धुऊन जातं म्हणून छपराखालच्याच बांबूला आणि लाकडाला. सुकल्यावरच कोंबड्या आत सोडा, द्रावणाचं भांडं त्यांच्यापासून लांब ठेवा. बांबूची उघडी पोकळ टोकं मात्र लाकडी खुंटी ठोकून बंद करा. गोचीड दिवसा तिथं लपते आणि रात्री कोंबडीवर चढते. संशय आला तर रात्री बसायच्या दांडीखालून पांढरा कागद घासून बघा, लालसर रेघा उमटल्या तर आहे.

बसायची दांडी. लाकूड गुळगुळीत, रुंदी दोन इंचांच्या आसपास, वरच्या कडा गोल मारलेल्या. धारदार कडेवर बसून बसून तळपायाला गाठ येते, वर काळी खपली धरते आणि पाय सुजतो. लोखंडी पाइप नको, थंडीत पाय गारठतात आणि पकड बसत नाही. फणस, कडुनिंब, माणगा, काहीही चालेल, रंग-वार्निश नको. दांडी खिळ्यानं ठोकू नका, दोन्ही टोकांना खाच करून उचलता येईल अशी बसवा. महिन्यातून एकदा काढून उन्हात टाकली की गोचिडीचं निम्मं काम होतं. आणि घराजवळ मिळते म्हणून कण्हेरीची काठी दांडीला वापरू नका. कण्हेर विषारी आहे, कोंबडी साल टोचते. शेराच्या चिकालाही लांबच ठेवा.

रंग आणि लेप. आत फक्त चुना. कळीचा चुना विझवून, गाळून, पातळ दोन हात, दर पावसाळ्याआधी. ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या बाहेर. बाहेरून जवसाचं तेल, पातळ दोन-तीन हात, प्रत्येक हात मुरू द्यायचा. लाकडाचं कापलेलं तोंड सगळ्यात जास्त पाणी ओढतं, तिथं तेल पुन्हा पुन्हा लावा, ते पिईल तेवढं. आणि तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, ढिगातल्या चिंध्या आपोआप पेटतात. उलगडून दोरीवर वाळत घाला. बाहेरून रंगच हवा असेल तर पाण्यातला ॲक्रिलिक रंग चालेल. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या.

याच कारणानं आजोळचा दरवाजा खुराड्याला नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच. रंगाचे पापुद्रे सुटतात, कोंबडी टिपते आणि शिसं बलकात उतरतं. कोंबडी आजारी दिसेलच असंही नाही. घासून काढतो म्हणाल तर कोरडं घासणं आणि जाळणं दोन्ही वाईट, धूळ तुमच्याच फुप्फुसात आणि अंगणात. आत खरोखर जुनं सागवान असेल तर सुताराकडून ताडपत्रीवर, ओलं करून, घरापासून लांब रंग काढून घ्या आणि त्याचं घरात काहीतरी करा. खुराड्यासाठी एवढी मेहनत परवडत नाही.

खिळ्यांबद्दल थोडकं. बाभूळ, ऐन यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, साधा लोखंडी खिळा त्यात काळा पडतो आणि झिजतो. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या आणि आधी गिरमिटानं भोक पाडा, नाहीतर लाकूड फाटेल. जाळी षटकोनी कोंबडी-जाळी नको, ती कोंबडीला आत ठेवते पण मुंगसाला, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडावर डागलेली चौकोनी जाळी, घ्या. तुमच्याकडं बिबट्याचा वावर आहे, रात्री दाराला नुसती कडी नको, कुलूप लावा. आणि काम संपल्यावर चुंबक फिरवून जाळीचे तुकडे, खिळे गोळा करा. चकाकतं ते कोंबडी गिळतेच आणि जस्ताची विषबाधा होते.

खाली अंथरायला भाताचा तूस घ्या, कोरडा. सुताराच्या दुकानातला भुसा मागत असाल तर साध्या लाकडाचा का प्लायचा, ते विचारून. आमच्याच दुकानात दोन्ही एकत्र पडलेलं असतं. बुरशी आलेला भुसा किंवा चिपाड अजिबात नको, पिल्लांना छातीचा आजार होतो.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: चार किंवा सहा पाय आणि खालची चौकट जुन्या सागवानाची नाहीतर किंजळाची, दगडावर. उभे-आडवे रिप, म्हणजे फळ्या ठोकायच्या लाकडी पट्ट्या, बाभळीच्या गाभ्याचे. पश्चिम-दक्षिण भिंती किंजळाच्या फळ्या नाहीतर सिमेंट बोर्ड. जमीन माणग्याच्या पट्ट्यांची. अंड्यांच्या पेट्या स्वच्छ एचटी पॅलेटच्या. सागवानाचा खर्च फक्त तळाला होतो, जिथं त्याची खरी गरज आहे.

बांधावरचं झाड तोडून लाकूड काढायचा विचार असेल तर आधी वन खात्याकडं चौकशी करा. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं आहेत, स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. बांबूचं २०१७ पासून सोपं झालंय, वनाबाहेरचा बांबू कायद्यानं आता झाड धरत नाहीत.

वखारीत जाताना मापं लिहून न्या, फूट-इंचात. तोंडी सांगितलं की जास्तीचं घनफूट लावतात. फळी कापून, रंधून मिळणार का, आणि करवतीची मजुरी वेगळी का भावातच, हे आधी ठरवून घ्या. तुमच्या जागेची लांबी-रुंदी आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते इथं लिहिलंत तर पाय किती आणि रिप किती लागतील, याचा हिशोब मांडून देतो.